लहान टॅब की मोठा? इंच सोडा, रुंदी बघा

सध्या नाशिकला आमच्या घरात टॅब घ्यायचं वारं सुटलंय. भाचा एमपीएससी करतोय त्याला हवाय, दीर रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करतो त्याला गाडीत वाचायला हवाय, आईला दुपारी आडवं पडून काहीतरी वाचायचं असतं तिला हवाय, आणि मी घरी दहावीच्या शिकवण्या घेते म्हणून माझ्याकडे आधीपासून एक मोठा आहे आणि एक लहान, त्यामुळे सगळे मलाच विचारतात की आठ इंची घेऊ का अकरा इंची. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते, कारण या विषयावर माझं मत पक्कं आहे आणि दुकानात जे सांगतात त्याच्याशी ते फारसं जुळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते इंच. टॅबचा काय, टीव्हीचा काय, फोनचा काय, स्क्रीनचा जो आकडा सांगतात तो कर्ण असतो, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. दहावीच्या पोरांना मी पायथागोरस शिकवते तेव्हा हेच उदाहरण घेते, कारण नुसत्या कर्णावरून आयत किती रुंद आहे ते कळतच नाही. आयपॅड मिनी ८.३ इंची, साधा आयपॅड ११ इंची म्हणून विकतात, ऐकायला फरक पावणेतीन इंचांचा वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं तर मोठा हा लहानाच्या पावणेदोन पट भरतो. आणि दोन अकरा इंची टॅबसुद्धा सारखे नसतात हां. साध्या आयपॅडचा स्क्रीन उभा धरला तर साधारण १५.८ सेंटीमीटर रुंद, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस पण ११ इंचीच पण तो लांबुळका, त्यामुळे रुंदी १४.८ च्या आसपास. पिक्चर बघायला तो लांबुळका आकार चांगला, वर-खाली काळ्या पट्ट्या कमी येतात, पण पान वाचायला तो एक सेंटीमीटर फार मोलाचा आहे. मिनीची रुंदी ११.६ च्या आसपास.

आता ही रुंदी कशाला बघायची तर तुम्ही जे वाचता ते मुळात कुठल्या कागदासाठी बनवलंय यावर सगळं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. आपल्याकडे दोन प्रकारचे कागद जास्त येतात, एक ए-फोर, म्हणजे क्लासच्या नोट्स, शासनाचे जीआर, प्रश्नपत्रिका, बँकेचं स्टेटमेंट, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, हे सगळं २१ सेंटीमीटर रुंदीचं. आणि दुसरं डेमी साइजचं पुस्तक, आपल्या बऱ्याचशा कथा कादंबऱ्या ज्या आकारात येतात ते, साधारण १४ सेंटीमीटर रुंद आणि त्यातला समास सोडला तर प्रत्यक्ष मजकूर साडेदहा-अकरा सेंटीमीटरचा.

म्हणजे बघा, मिनीच्या ११.६ सेंटीमीटरमध्ये डेमी पुस्तकातला मजकूर जवळपास जशास तसा बसतो, समास कापून दाखवणारं ॲप असलं की झालं. लहान टॅबवर कादंबरी वाचताना हातात पुस्तक असल्यासारखं वाटतं ते याच्यामुळे. पण त्याच स्क्रीनवर ए-फोर पान आणलं की ते ५५ टक्क्यांवर येतं. मूळ अक्षर १२ पॉइंटचं असेल तर डोळ्यांपुढे ते साडेसहा पॉइंटचं होतं. अकरा इंची आयपॅडवर तेच पान ७५ टक्क्यांवर, म्हणजे अक्षर ९ पॉइंट, लहान आहे पण वाचता येतं.

आणि आपलं अक्षर देवनागरी आहे हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कोणी बोलत नाही! रोमन अक्षर बारीक झालं तरी डोळा सावरून घेतो. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, सगळा खेळ त्या बारीक खुणांचा. स्कॅन केलेली मराठी पीडीएफ लहान स्क्रीनवर पूर्ण पान मावेल अशी लावून बघा, द्ध आणि द्व एकसारखे दिसतात, ष्ट का ष्ठ ते अंदाजाने ठरवायचं, अनुस्वार आहे का कागदावरचा डाग आहे तेही कळत नाही. गणिताच्या पेपरात तर घातांक नुसता ठिपका होतो, क्ष वर्ग का क्ष घन हे पोरगं काय ओळखणार. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, फार चांगली सोय आहे ती, पण ती पानं मोठ्या आकाराची, रंगीत चौकटी, आकृत्या, बाजूला टिपा, ती लहान टॅबवर शिकवायला घेतली की सगळा वेळ दोन बोटांनी पान मोठं-लहान करण्यात जातो.

यावर एक उपाय आहे आणि तो खरंच चालतो, लहान टॅब आडवा धरायचा. मिनी आडवा केला की रुंदी १७.७ सेंटीमीटर होते, म्हणजे ए-फोर पान ८४ टक्क्यांवर दिसतं, उभ्या धरलेल्या अकरा इंचीपेक्षाही मोठं! फक्त एका वेळी अर्ध्यापेक्षा कमी पान दिसतं आणि खाली सरकवत राहावं लागतं. सरळ धावता मजकूर असेल, जीआर असेल, लेख असेल, तर काहीच हरकत नाही. पण आकृती वर आणि प्रश्न खाली, किंवा तक्ता असेल, किंवा दोन रकान्यात छापलेलं असेल तर मात्र वैताग येतो.

भाच्याचं त्यामुळे सोपं होतं. तो गंगापूर रोडला अभ्यासिकेत बसतो, तिथे प्रत्येकाला पार्टिशन केलेलं टेबल, त्यावर एक वही, एक पुस्तक आणि टॅब. टॅब हातात कधी धरायचाच नाही, स्टँडवर उभा. एका बाजूला आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नोट्स असा स्क्रीन दोन भागात करून तो बसतो, ते आठ इंचावर करायला गेलात तर प्रत्येक भाग फोनपेक्षा फार मोठा उरत नाही. शिवाय पेनने लिहायचं म्हणतोय, आणि लिहायला तळहात टेकवायला जागा लागते. तो म्हणाला मावशी मला मिनी आवडतो दिसायला, म्हटलं आवडू दे, तुझा सगळा अभ्यास ए-फोरवर आहे, मोठाच घे. इथल्या मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, ज्यांचं अभ्यास साहित्य पीडीएफमध्ये आहे आणि जे नोकरी करून रात्री टेबलावर बसून वाचतात त्यांनी लहानाच्या नादी लागू नये.

दीराचं अगदी उलटं. पंचवटी सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून निघते, पासवाल्यांची गर्दी, तिघांच्या सीटवर चौथा टेकलेला, कधी दारापाशी उभं राहायचं, एक हात वरच्या दांडीला. अशा वेळी जे काय वाचायचं ते एका हातात. मिनी २९३ ग्रॅमचा आहे, साधा अकरा इंची आयपॅड ४७७. आकड्यात दोनशे ग्रॅम काही वाटत नाही, पण वजन आणि पसारा दोन्ही एकदम वाढतं ना, मोठ्याचं अंग जवळजवळ १८ सेंटीमीटर रुंद, ते एका हातात धरलं की मनगटावर सगळा भार आणि कोपरा शेजाऱ्याच्या पोटात. मिनी साडेतेरा सेंटीमीटर, दीराच्या पंजात कडेपासून कडेपर्यंत मावतो, माझ्या नाही मावत. तो मला म्हणाला, वहिनी तुम्ही काहीही सांगा, पण बसून वाचायचं का उभं राहून हे गाडीत माझ्या हातात नसतं. अगदी बरोबर आहे त्याचं. त्याचं वाचन पण कादंबऱ्या आणि लेख, सगळं ई-बुक, ज्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात, पीडीएफसारखं पान अडून राहत नाही. फक्त एक त्याला बजावून सांगितलंय की पुस्तकं घरून डाउनलोड करून ने, इगतपुरी सोडली की कसारा घाटात बोगद्यांमध्ये रेंज जाते ती जातेच.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, अहो मग फोनच पुरे की, आता फोनच केवढाले झालेत. पुन्हा रुंदीच बघा. ६.७ इंची फोनची स्क्रीन साधारण सात सेंटीमीटर रुंद असते, उंची भरपूर पण रुंदी तेवढीच, मिनीचा स्क्रीन क्षेत्रफळात त्याच्या जवळजवळ दुप्पट. फोनवर एका ओळीत मराठीचे चार-पाच शब्द मावतात आणि लांब वाक्य असलं की डोळा सारखा पुढच्या ओळीला उडी मारतो. आणि फोनवर फोन येतात, मेसेज येतात. वाचनाचं यंत्र वेगळं असावं असं मला मनापासून वाटतं.

लहान टॅबबद्दल ही शंका पहिल्यापासूनची आहे म्हणा. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तो ९.७ इंची, वजन ६८० ग्रॅम, आणि त्याच वर्षी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सात इंची टॅब फार लहान पडतात असं ठासून सांगितलं होतं. २०१२ मध्ये गूगलने सात इंची नेक्सस ७ काढला आणि त्याच वर्षी ॲपलने स्वतःच ७.९ इंची मिनी आणला, ३०८ ग्रॅमचा. म्हणजे हातात धरून वाचणारा माणूस तेव्हाही होता, आजही आहे.

किमतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण लहान म्हणजे स्वस्त असं धरून लोक दुकानात जातात. सध्याचा मिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे ४९,९०० पासून, आणि साधा अकरा इंची मार्च २०२५ मध्ये आला तो ३४,९०० पासून. लहान पंधरा हजारांनी महाग! त्यात प्रोसेसर वरचा आहे, काच आणि स्क्रीन एकजीव आहेत, पेन चांगलं चालतं, हे सगळं खरं, पण ज्याला फक्त वाचायचंय त्याने पंधरा हजार त्या हलकेपणासाठी मोजायचे आहेत हे डोक्यात ठेवावं. अँड्रॉइडमध्ये उलटं, तिथे लहान टॅब बहुतेक स्वस्तातले. गॅलॅक्सी टॅब ए९ हा ८.७ इंची, ३३२ ग्रॅम, खिशाला परवडणारा, पण स्क्रीन १३४० बाय ८०० पिक्सेलचा, म्हणजे एका इंचात १८० च्या आतबाहेर ठिपके, मिनीत ३२६. मोठं अक्षर ठेवून ई-बुक वाचायला ए९ चांगला चालतो, बारीक मराठी पीडीएफ असेल तर अक्षराच्या कडा मऊ दिसतात. बॅटरीचं फार मनावर घेऊ नका, आयपॅड लहान असो वा मोठा, कंपनी दोन्हीला दहाच तास सांगते.

आता आई. आईचं नाव काढलं की सगळे म्हणतात वयस्कर माणूस आहे, मोठाच द्या. मला ते तितकंसं पटत नाही. आई सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद, १८४० सालचं वाचनालय आहे ते, तिथून पुस्तक आणायचं आणि दुपारी पलंगावर पडून छातीवर टेकवून वाचायचं ही तिची पद्धत. त्या पद्धतीत अर्धा किलोचा टॅब, वर कव्हर, म्हणजे हात भरून येतात, आणि डुलकी लागली की नाकावर पडायची भीती. तिला अक्षर मोठं हवंय, स्क्रीन मोठा हवाच असं नाही. ई-बुकात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पानावर ओळी कमी येतात एवढंच. मी तिला माझा लहान दिला, अक्षर बरंच मोठं करून, तर म्हणाली, अगं हा बरा आहे, तुझा तो पाट नको मला. कीर्तनं ती टीव्हीवर बघते, तेच चांगलं आहे.

पेपरसाठी मोठा घ्या असंही सांगतात, त्यात तथ्य नाही. वर्तमानपत्राचं पान एवढं मोठं की कुठल्याच टॅबवर ते अख्खं ठेवून वाचता येत नाही, अकरावर नाही आणि तेरावरही नाही, शेवटी बातमीवर बोट ठेवून ती वेगळी उघडावी लागते. मग ती आठ इंचावर उघडली तरी काय बिघडलं.

दुकानात जाताना, एमजी रोडला जा नाहीतर कॉलेज रोडला, एक झेरॉक्सचा ए-फोर कागद आणि घरातली एक कादंबरी पिशवीत टाका. तुमची रोजची पीडीएफ फोनमध्ये असतेच, ती डेमो टॅबवर उघडायला सांगा आणि कागद शेजारी धरून बघा अक्षर किती आक्रसतं. नुसतं टेबलावर साखळीला बांधलेलं बघून ठरवू नका, उचलायला मागा, कव्हर लावून मागा, आणि बोलता बोलता थोडा वेळ हातात धरून उभे राहा. कीबोर्डवालं कव्हर घेणार असाल तर अकरा इंचीचं वजन किलोच्या आसपास जातं, मग लॅपटॉप काय वाईट याचा विचार तिथेच करा.

दीराने मिनीच नक्की केलाय. भाच्याचं आता अकरा की तेरा यावर घोडं अडलंय, कारण कोणीतरी त्याच्या डोक्यात तेरा इंची आयपॅड एअरचं भरवलं. रुंदीने तो खरंच सुंदर आहे, जवळपास १९.७ सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर पान जवळजवळ मूळ आकारात, पण वजन सहाशे ग्रॅमच्या वर आणि किंमत २०२५ मध्ये ७९,९०० पासून होती. मी त्याला सांगितलंय, अकराच घे, आणि उरलेल्या पैशांतून टेस्ट सिरीज लाव.