गेजचा आकडा जुळेना तेव्हा

जुन्या गाडीचा एसी बदलायचा म्हणजे थंडावा देणारा जुना आर-१२ गॅस काढायचा आणि त्याच्या जागी आलेला आर-१३४ए भरायचा, असं बहुतेकांना वाटतं. या गाडीच्या मालकांनाही, म्हणजे काकांनाही तसंच वाटत होतं. गाडी १९९१ची, एसी मूळ कंपनीचाच, आणि गाडी जिवापाड जपलेली. हवा थंड यायची, पण जेमतेम. काम त्यांच्या घरच्या गॅरेजमध्येच करायचं ठरलं होतं.

"गॅस उतरलाय, नवा भरून टाक," काका म्हणाले.

"भरतो काका, पण आधी आत काय आहे ते बघू द्या."

गाडी रात्रभर सावलीत उभी होती, इंजिन पूर्ण थंड होतं. तपासायला हीच वेळ उत्तम. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी बंद गाडीतला दाब गॅसच्या वजनावर अवलंबून राहत नाही, तो फक्त तापमानावर ठरतो. कंडेन्सरजवळ, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीजवळ, लावलेला थर्मामीटर ३० अंश दाखवत होता. या तापमानाला शुद्ध आर-१२चा दाब साधारण ९३ पीएसआय (दाब मोजायचं एकक) भरतो, आर-१३४एचा साधारण ९७. माझ्या गेजचा, म्हणजे दाब मोजायच्या मीटरचा, काटा ११८वर होता.

एवढा फरक गेजच्या चुकीने पडत नाही. एकतर आत हवा शिरली असणार किंवा एकापेक्षा जास्त गॅस मिसळले असणार. आर-१२ आणि आर-१३४ए एकत्र आले की मिश्रणाचा दाब दोघांच्याही वर जातो, म्हणून माझा पहिला संशय त्यावरच होता. खात्री करायला गॅस ओळखणारं यंत्र जोडलं. त्याने आर-१२ दाखवला, आर-१३४ए दाखवला, थोडी हवा दाखवली, आणि त्याखाली हायड्रोकार्बनचा आकडा आला. तोही चांगला मोठा. यंत्राने धोक्याचा बीप सुरू केला.

हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेन-ब्युटेनच्या जातीचा, पेट घेणारा गॅस. तो गाड्यांत का टाकतात हेही मला ठाऊक आहे. प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं ठरावीक मिश्रण दाबाच्या बाबतीत आर-१२च्या अगदी जवळ जातं, कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी आधीपासून असलेल्या मिनरल ऑइलमध्ये सहज विरघळतं आणि थंडावाही छान देतं. काही बदलायची गरजच पडत नाही. घरच्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन सर्रास असतो आणि तिथे तो योग्यच आहे. पण तिथे जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम गॅस, सगळे जोड कायमचे बंद, आणि विजेचे भाग ठिणगी पडू नये अशा बेताने निवडलेले. गाडीत तो शेकड्यांनी ग्रॅम असतो. कंडेन्सर बंपरच्या मागेच, म्हणजे टक्कर झाली की पहिला फुटणारा. आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, ब्लोअरच्या मोटरशेजारी, माणसं बसतात त्याच बंद जागेत.

मी ते गॅस ओळखणारं यंत्र बंद केलं. काकांना म्हटलं, इंजिन सुरू करायचं नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीलगत साचतो. त्यामुळे बंद गॅरेज ही सगळ्यात वाईट जागा. दोघांनी गाडी ढकलत उघड्यावर आणली, चारही दारं उघडून ठेवली, चांगला वेळ हवा खेळू दिली आणि मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढला. माझं गॅस काढायचं मशीन ज्वलनशील गॅससाठी बनवलेलं नाही, तेव्हा ते जोडायचा प्रश्नच नव्हता.

"मग उघड्यावर आलीच आहे तर सोडून दे ना हवेत," काका म्हणाले.

तेही करता येत नव्हतं, कारण त्यात आर-१२ होता. आर-१२मधला क्लोरीन वरच्या वातावरणात जाऊन ओझोन फोडतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४मध्येच मांडलं. १९८७चा माँट्रियल करार त्यातूनच आला. विकसित देशांत आर-१२चं उत्पादन १९९६पासून बंद झालं, विकसनशील देशांत २०१०पर्यंत. शिवाय वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त भारी आहे. हे सगळं मी त्यांना तिथेच, गाडीशेजारी उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ज्वलनशील गॅस काढायचं मशीन असलेला एक सहकारी दुसऱ्या दिवशी आला. मिश्रण वेगळ्या सिलिंडरमध्ये घेतलं, त्यावर "मिश्र, ज्वलनशील" असं ठळक लिहिलं. असा गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येत नाही, तो नष्ट करायलाच द्यावा लागतो.

त्यानंतर नायट्रोजन भरून गळती शोधली. इथे कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नये, तिच्यासोबत ओल आत जाते. कंडेन्सरच्या जोडांवर साबणाच्या पाण्याचे थोडे बुडबुडे आले, पण मोठी गळती तिथली वाटेना. डॅशबोर्ड उघडून कूलिंग कॉइल बाहेर काढली. तिच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट धूळ चिकटली होती. नायट्रोजन भरून कॉइल पाण्यात बुडवली आणि त्याच कोपऱ्यातून बुडबुड्यांची सरळ माळ वर येऊ लागली. म्हणजे पेट घेणारा गॅस इतके दिवस गाडीच्या आत, बसणाऱ्यांच्या पायांपाशी सुटत होता. काका नातवंडांना याच गाडीतून फिरवायचे. ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले.

पुढचं काम म्हणजे खरं रूपांतर, आणि त्यात जीव आहे तो तेलाचा. आर-१३४ए मिनरल ऑइलमध्ये विरघळत नाही. जुनं ऑइल तसंच ठेवलं तर ते पाइपांत आणि कॉइलमध्ये पडून राहतं, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. म्हणून कॉम्प्रेसर सोडवून त्यातलं ऑइल पूर्ण ओतलं, पाइप फ्लश केले आणि आर-१३४एमध्ये विरघळणारं एस्टर ऑइल मोजून घातलं. नव्या गाड्यांत पीएजी नावाचं ऑइल असतं, पण जुन्या सिस्टिममध्ये उरलेले मिनरल ऑइलचे आणि क्लोरीनचे अंश त्याला मानवत नाहीत. कूलिंग कॉइल, तिच्यात गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ओल शोषणारा ड्रायर, जोडांतल्या सगळ्या ओ-रिंग नव्या टाकल्या. जुन्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे आर-१३४एला चालत नाहीत, त्यामुळे तिथे काटकसर करू नये.

कंडेन्सरही बदलायला लावला. काका आधी तयार नव्हते. १७-१८ अंशांच्या आसपास दोन्ही गॅसचे दाब जवळपास सारखेच असतात, पण ६० अंशांना आर-१३४एचा दाब साधारण २० पीएसआयने वर जातो. कडक उन्हात, गाडी उभी असताना, आतली उष्णता जुन्या नळीदार कंडेन्सरला पुरेशी बाहेर टाकता येत नाही. म्हणून पॅरलल फ्लो कंडेन्सर, म्हणजे गॅस अनेक बारीक नळ्यांतून एकदम नेणारा, आणि समोर एक जादा पंखा बसवला.

व्हॅक्यूमला, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायला, घाई केली नाही. ३० अंशांना पाणी उकळायचं तर दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जावा लागतो, आणि आतली ओल वाफ होऊन निघायला वेळ लागतो. पंप बंद केल्यावरही काटा हलला नाही तेव्हाच गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. मूळ आर-१२ ९०० ग्रॅम होता. ७२०पासून सुरुवात करून ७८०वर थांबलो. बाहेर ३४ अंश असताना मधल्या जाळीतून ८ अंशांची हवा आली.

काका म्हणाले, "अजून थोडा टाकलास तर आणखी थंड होईल का?"

नाही. गॅस वाढवला की हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडच्या बाजूचा, दाब चढतो आणि थंडावा उलट घटतो. गॅस भरायची नवी तोंडं, म्हणजे पोर्ट, फक्त आर-१३४एच्या कपलरलाच बसतात, तरी बॉनेटखाली पट्टी चिकटवली: गॅसचं नाव, ७८० ग्रॅम, एस्टर ऑइल, तारीख. जुन्या पोर्टची टोपणं काढून घेतली आणि काकांना सांगितलं, यापुढे जो कुणी एसीला हात लावेल त्याने आधी ही पट्टी वाचायची आणि मग गेज जोडायचा.