थिएन मू पॅगोडा: मनोरा बघून परत फिरू नका

व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात गेलात तर थिएन मू पॅगोड्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी हुओंग नदीतून ड्रॅगनच्या तोंडाच्या बोटीने गेलो. नदी सुरेख, पण नावाड्याने थांबायला दिला अर्धा तास. आईचे गुडघे दुखरे, त्यातला बराच वेळ पायऱ्या चढण्यातच गेला. मनोऱ्यापुढे फोटो काढला आणि निघालो. रात्री तिला चुटपुट लागून राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टॅक्सीने परत गेलो. ह्वेच्या किल्ल्यापासून चार-पाच किलोमीटर, नदीकाठचा सपाट रस्ता; सायकलनेही सहज जाता येतं. तिकीट नाही.

पॅगोडा मूळचा 1601 सालचा, या भागाचा सरदार न्गुयेन होआंगने उभारलेला. या टेकडीवर एक म्हातारी प्रकट झाली आणि इथे मोठा राजा येऊन पॅगोडा बांधेल असं सांगून गेली, अशी आख्यायिका आहे. थिएन मू म्हणजे स्वर्गातली बाई. समोरचा सात मजली, अष्टकोनी मनोरा मात्र नंतरचा, 1844 मधला. उंची 21 मीटर. त्याच्याजवळ 1710 मध्ये ओतलेली, दोन टनांहून जड घंटा आहे आणि 1715 चा शिलालेख, संगमरवरी कासवाच्या पाठीवर उभा केलेला. कासव दिसताच आईने सवयीने हात जोडले. आपल्या देवळांत ते गाभाऱ्यासमोर जमिनीलगत असतं, इथे पाठीवर एवढी मोठी शिळा घेऊन उभं आहे.

पण खरं थांबायचं ते मागच्या अंगणात. तिथे एक जुनी फिकट निळी ऑस्टिन गाडी ठेवली आहे. 1963 च्या मे महिन्यात ह्वेमध्ये बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावायला तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनाम सरकारने बंदी केली, निदर्शकांवर गोळीबार झाला, माणसं गेली. 11 जूनला थिच क्वांग डुक हे भिक्खू याच गाडीतून सायगावच्या (आताचं हो ची मिन्ह शहर) एका चौकात उतरले, पद्मासनात बसले आणि निषेध म्हणून त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. तो जगभर गेलेला फोटो गाडीपाशीच लावला आहे. फोटोत मागे बॉनेट उघडलेली हीच गाडी दिसते. मी एकदा फोटो बघत होतो, एकदा गाडी. आई काही बोलली नाही, बराच वेळ तिथून हललीही नाही. बोटीच्या अर्ध्या तासात आमचं हेच राहून गेलं होतं.

हा नांदता मठ आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, मुख्य मंदिरात चपला काढा, आवाज हळू ठेवा. मागे पाइनच्या झाडांत सावली आहे. वयस्कर माणसांना तिथे बसवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, तेव्हा ह्वेत धो-धो पाऊस आणि पूर असतो. जून ते ऑगस्ट ऊन भाजून काढतं.

शाकाहारींनी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करून जावं. इथे चहाशी त्याचा संबंध नाही, अर्थ शाकाहारी जेवण. ह्वेत ते उत्तम मिळतं, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी व पौर्णिमेला तर खूपच ठिकाणी.