पाय तोच, पायताण नवं

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत पायताण घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी ते हातात घेऊन वाकवून बघतं. मग पायात घालून दुकानातल्या दुकानात चार पावलं टाकतं आणि 'बसतंय' म्हणून पैसे देऊन मोकळं होतं. पण चार पावलांत काही कळत नसतं. अंगठा कुठे कापतो, कान कुठे घासतो हे उमगायला रंकाळ्याला एक पुरी फेरी व्हावी लागते. मग त्याला एरंडेल पाजा, रात्रभर ठेवा, आठवडाभर थोडं थोडं घाला. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमासाठी दुसऱ्या कुणी केलेलं ॲप वापरून बघणं हा याच जातीचा उद्योग. पाय आपलाच राहतो, बदलतं ते पायातलं.

पाय म्हणजे आपलं खातं. ते राहतं सर्व्हरवर. लिहिलेल्या पोस्टी, मागे येणारी माणसं, खुणा घालून ठेवलेलं सगळं तिथेच. ॲप फक्त सर्व्हरला विचारतं आणि दाखवतं. त्यामुळे एकाच खात्यावर तीन ॲपं एकदम चालवली तरी काही बिघडत नाही, आणि जुनं ॲप काढून टाकायची घाईही नको. नवं चावलं तर जुनं दारातच असतं.

'बाहेरचं ॲप' हा शब्दही इथे जरा फसवा आहे. मॅस्टोडॉन 2016 साली जर्मनीत ऑयगेन रोश्कोने सुरू केलं, पण त्याचं स्वतःचं ॲप आयफोनवर 2021 मध्ये आणि अँड्रॉइडवर 2022 मध्ये आलं. तोवर फोनवर वापरणाऱ्यांनी जे वापरलं ते सगळं बाहेरचंच. टस्की हे अँड्रॉइडवरचं बाहेरचं ॲप 2017 पासून आहे, म्हणजे घरच्या लेकरापेक्षा वयाने मोठं. शिवाय या जाळ्याला एक मालक नाही. हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका बोलीत एकमेकांशी बोलतात आणि ती बोली 2018 च्या जानेवारीत वेबचं प्रमाणित मानक झाली. ट्विटरने 2023 च्या जानेवारीत बाहेरच्या ॲपांचं दार एका रात्रीत लावून घेतलं, तेव्हा ट्वीटबॉट हे ट्विटरचं बाहेरचं ॲप बनवणाऱ्यांनी त्याच महिन्यात मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी आणलं. इथे तसं दार लावायचं म्हटलं तर ते एका हाताने लागत नाही.

ॲप उतरवल्यावर पहिला घोळ होतो तो पहिल्याच चौकटीत. ॲप विचारतं सर्व्हरचं नाव, आणि लोक सवयीने ईमेल टाकतात. आपला पत्ता '@नाव@सर्व्हर' असा असतो. त्यातला दुसऱ्या @ च्या पुढचा भाग तेवढा तिथे लिहायचा. पेठ आधी, घर नंतर. मग ब्राउझर उघडतो, पासवर्ड तिथे टाकायचा, आणि सर्व्हर विचारतो: या ॲपला वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, सूचना पाठवू द्यायच्या का. हो म्हटलं की ॲपला एक किल्ली मिळते, पासवर्ड मिळत नाही. म्हणून पासवर्ड टाकताना वर पत्त्याची पट्टी दिसते का, तिथे आपल्याच सर्व्हरचं नाव आहे का, हे बघायचं. पट्टीच नसलेली खिडकी ॲपच्या आतली असते, आणि तिथे टाइप केलेलं ॲपला वाचता येऊ शकतं. कधी ब्राउझरातून ॲपमध्ये परत येणं अडतं, 'हो' दाबूनही पान तिथेच. अशा वेळी फोनचा डीफॉल्ट ब्राउझर बदलून पुन्हा केलं की बहुधा सुटतं.

आता चार पावलं चालून बघायची. पहिली चाचणी अगदी घरगुती: नवीन पोस्टची चौकट उघडा, 'कोल्हापूर' असं लिहा आणि कोपऱ्यातला आकडा किती उतरला ते बघा.

मॅस्टोडॉनवर एरवी 500 अक्षरांची मर्यादा असते. सर्व्हर अक्षरं मोजतो ती आपण बोटांवर मोजतो तशी, काना-मात्रा अक्षरातच धरून. त्या हिशेबाने 'कोल्हापूर' म्हणजे को, ल्, हा, पू, र अशी पाच. संगणकात अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या 2023 मधल्या 15.1 आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम आणला, तो लावला तर 'ल्हा' एक होऊन चार. पण ॲप जर आतले संकेतांक मोजत असेल तर क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असे नऊ. म्हणजे सर्व्हर ज्याला पाच म्हणतो त्याचे हे ॲप नऊ लावतं, आणि मराठीत लिहिणाऱ्याची निम्मी जागा कानामात्रेत जाते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही, कारण त्याचे पाच पाचच राहतात. पाच किंवा चार उतरले तर ॲप मराठीच्या पायाचं आहे. नऊ उतरले तर लांब मजकूर ब्राउझरातून टाकावा आणि ॲप वाचायला ठेवावं. दुव्याची लांबी कितीही असो, तो 23 अक्षरांचाच धरतात. कुणाला हाक मारली, म्हणजे @ लावून नाव घेतलं, तर त्याच्या पत्त्यातलं सर्व्हरचं नाव मोजत नाहीत. जे ॲप हे दोन्ही पाळत नाही ते हिशेबाला कच्चं. काही सर्व्हर मर्यादा 500 च्या पुष्कळ वर ठेवतात. चांगलं ॲप ती सर्व्हरला विचारून घेतं, कच्चं 500 वरच अडून बसतं.

हॅशटॅगचं दुखणं मात्र ॲपचं नाही, कीबोर्डचं. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला र दोन प्रकारे उमटतो: एकात टिंबवाला 'ऱ' असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडकाम्या. डोळ्याला दोन्ही सारखे, सर्व्हरला दोन वेगळे टॅग. एकाच गोष्टीवर लिहिणारी दोन माणसं मग एकमेकांना कधी भेटतच नाहीत. टॅगसाठी असे शब्द टाळलेलेच बरे.

दुसरी चाचणी चाळणीची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना आहे, आपण दुकानात अडकलोय आणि निकाल रात्री निवांत बघायचाय, अशा वेळी नको त्या शब्दाच्या पोस्टी झाकणारी चाळणी, म्हणजे फिल्टर, लागते. ती सर्व्हरवर तयार होते. सर्व्हर प्रत्येक पोस्टीवर 'ही चाळणीत सापडली' अशी चिठ्ठी लावतो आणि ती वाचून पोस्ट झाकायचं काम ॲपचं. जुन्या पद्धतीची ॲपं चिठ्ठी न वाचता स्वतःच शब्द शोधत बसतात, आणि तिथे देवनागरीत गडबड होते. एखादा निरुपद्रवी शब्द घालून आधी बघावं. 'मिसळ' घाला, कोल्हापुरात तासाभरात निकाल लागतो. 'पूर्ण शब्द' ही खूण मात्र काढून टाका, कारण मराठीत शब्द एकटा कधी फिरत नाही. 'मिसळीचा', 'मिसळीला', 'मिसळीवर' हे पूर्ण शब्दाच्या चाळणीतून खुशाल निसटतात. 'पाऊस' घातला तर 'पावसाने' सुटतो, म्हणून त्याच चाळणीत 'पावस' हा दुसरा शब्दही घालायचा. एका चाळणीत अनेक शब्द बसतात.

पावसावरून वेळेची गोष्ट. जुलैत कोल्हापूरकराचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर असतं: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. मॅस्टोडॉनवर पोस्टी काळाच्या क्रमाने येतात, पण कुणी जुनी पोस्ट पुढे ढकलली, म्हणजे बूस्ट केली, तर ती ढकलल्याच्या वेळेला वर येते. सकाळी लिहिलेलं 'पंचगंगा 38 फुटांवर' संध्याकाळी सगळ्यांत वर दिसतं, आणि शेजारच्या बारीक '9 ता.' कडे, म्हणजे नऊ तासांपूर्वीच्या खुणेकडे, कुणी बघत नाही. म्हणून सेटिंगमध्ये पूर्ण तारीख-वेळ दाखवायची सोय आहे का हे बघावं. टस्कीत ती आहे. ज्यांना ढकललेल्या पोस्टींचा गलका नको त्यांनी लॅपटॉपवर फॅन्पी उघडावं. ते ब्राउझरातच चालतं, उतरवावं लागत नाही, आणि बूस्ट फार झाले की ते एका आडव्या पट्टीत वेगळे काढून ठेवतं. पट्टी नको तर बोटाने सरकवून पुढे. या एका सोयीसाठी त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

सूचनांची तक्रार सगळ्यांची सारखीच: 'नव्या ॲपवर उशिरा येतात.' येणारच. सर्व्हरची सूचना थेट फोनात शिरत नाही, मध्ये गूगल किंवा ॲपलचं टपालखातं आणि त्याआधी ॲप करणाऱ्याचा एक छोटा दलाल-सर्व्हर असतो. मजकूर कुलूपबंद असतो, दलालाला वाचता येत नाही, पण त्याचा दिवा गेला तर टपाल अडतं. टस्कीने ही वाट टाळली. ते ठरावीक वेळाने स्वतः सर्व्हरला विचारतं, आणि अँड्रॉइड असं ठरावीक काम पंधरा मिनिटांपेक्षा लवकर करू देत नाही. त्याहून झटपट हवं असेल तर एनटीफाय नावाचं वेगळं छोटं ॲप आधी बसवायचं, मग टस्कीत खातं जोडायचं. म्हणजे युनिफाइडपुश नावाच्या सोयीने सूचना लगेच येतात. तरीही येत नसतील तर फोन स्वतःच बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतोय असं समजावं. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड'. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट' हे आणखी एक बटण भलत्याच ठिकाणी दडवलेलं असतं, तेही चालू करावं लागतं. तीन ॲपं ठेवली असतील तर सूचना एकाच ॲपच्या चालू ठेवाव्यात, नाहीतर एका 'हं' साठी फोन तीनदा वाजतो.

वाचता वाचता मध्येच 'आणखी आणा' असा आडवा पट्टा लागतो, त्यालाही लोक बिघाड समजतात. ॲप एका खेपेला वीस, फार तर चाळीस पोस्टी आणतं. रात्री जिथे थांबलात आणि सकाळी जे आलं त्यांच्यामध्ये उरलेली फट म्हणजे तो पट्टा. उलट जे ॲप फट न दाखवता तसंच पुढे नेतं त्याच्यावर जरा कमी विश्वास ठेवावा. उत्तरं अर्धवट दिसतात हाही ॲपचा दोष नव्हे. आपल्या सर्व्हरला जेवढी उत्तरं माहीत तेवढीच तो देणार, दुसऱ्या पेठेत काय बोलणं झालं हे त्याला कुणी सांगेल तर कळणार. फेडिलॅब हे अँड्रॉइडवरचं दुसरं ॲप मूळ सर्व्हरवर जाऊन सगळं बोलणं आणू शकतं. मॅस्टोडॉनच्या 4.5 आवृत्तीपासून सर्व्हर स्वतःही राहिलेली उत्तरं गोळा करतो. त्याच आवृत्तीत दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करायची सोय आली. तुमच्या ॲपात अशा पोस्टीत चौकटीऐवजी नुसता दुवा दिसत असेल तर ॲप मागे पडलंय एवढं ओळखावं.

एका बाबतीत मात्र नवं पायताण खरंच पाय घसरवतं. पोस्ट कुणाला दिसणार याची चार चित्रं असतात: सगळ्यांना, सगळ्यांना पण गाजावाजा न करता, मागे येणाऱ्यांना, आणि ज्यांना हाक मारली त्यांनाच. प्रत्येक ॲप ही चित्रं वेगळी काढतं, वेगळ्या जागी ठेवतं. बोटाला जुनी जागा पाठ असते. पहिल्या आठवड्यात पाठवण्याआधी ते चित्र डोळ्याने बघायचंच. शेवटच्या प्रकाराला खासगी निरोप समजू नये. तो कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो, आणि निरोपात तिसऱ्या कुणाचं नाव @ लावून घेतलं की त्यालाही तो पोचतो. भाऊबंदकीची कुजबुज करताना ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्या नावाला @ लावू नये, एवढं तरी.

कुणी काय घ्यावं? अँड्रॉइडवर सुरुवात टस्कीने करावी. फेडिलॅबमध्ये बटणं फार, पण हौस असेल तर रान मोकळं; ते प्ले स्टोअरवर पैसे देऊन आणि एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपांच्या दुकानात फुकट मिळतं. आयफोनवर आधी आइस क्यूब्स, ते फुकट आहे. आयव्हरी सगळ्यांत सफाईदार, पण वर्गणी भरावी लागते. यांतली बरीच ॲपं एकदोन माणसांच्या हातावर चालतात आणि माणूस थकला की ॲप थांबतं. पिनाफोर असंच 2023 मध्ये थांबलं. ॲपचं मूळ लिखाण, म्हणजे कोड, खुलं असेल तर दुसरा कुणी ते उचलतो: टस्कीतून पाचली निघालं, अधिकृत अँड्रॉइड ॲपातून मेगालोडॉन आणि त्यातून मोशिडॉन. कारागिराचा साचा दुसऱ्याने वापरला तर चप्पल लाइनीत भांडण होईल, इथे तो वापरायचाच असतो.

पोस्ट उद्या सकाळी सातला आपोआप जावी अशी सोय सर्व्हरमध्ये आहे, पण मॅस्टोडॉनच्या वेब-पानावर तिचं बटण नाही. टस्की आणि फेडिलॅबमध्ये आहे. वेळ निदान पाच मिनिटं पुढची हवी. अशी पोस्ट सर्व्हरवर थांबते, त्यामुळे फोन बंद असला तरी जाते. अर्धवट लिहून ठेवलेला मसुदा मात्र टस्कीत फोनातच राहतो, आणि ॲप काढलं की तोही जातो.

आणि ॲप काढायचंच असेल तर आधी आतून लॉगआउट, मग काढणं. नुसतं काढलं तर दिलेली किल्ली सर्व्हरवर चालूच राहते. ब्राउझरात मॅस्टोडॉनच्या प्राधान्यांमध्ये जाऊन खातं आणि त्याखाली अधिकृत केलेली ॲपं हे पान उघडा. लग्नघराच्या दारात पायताणांचा ढीग असावा तशी यादी दिसते: दोन वर्षांपूर्वी पाच मिनिटं वापरलेलं, नाव न आठवणारं, एकच ॲप तीनदा. प्रत्येकासमोर ते शेवटचं कधी वापरलं याची तारीख असते. जुन्या तारखेपासून सुरू करून एकेकाची परवानगी काढत वर यायचं, फक्त ज्या ॲपातून आत्ता वाचताय तेवढं सोडून.