गुरूचा की माझा?

१३ जानेवारी २०२६, मंगळवार, नागपूर

संक्रांत उद्यावर आली, गच्चीभर मांजाचे तुकडे. ते गोळा करून सातलाच आठ इंची डॉब, म्हणजे हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण, बाहेर काढून ठेवला. आरसा तासाभरात निवतो, पण स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन उशिरापर्यंत ओकत राहतो. तोवर गुरू पाण्यातल्या नाण्यासारखा हलतो.

१० तारखेला प्रतियुती झाली, म्हणजे पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला. गुरू मिथुनेत, त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येतो. हवा तिथेच सर्वात कमी आड येते, पण डॉब माथ्यावर रोखून गुरूमागे सरकवणं म्हणजे कुस्ती. म्हणून साडेदहालाच उरकलं. दीड-दीड मिनिटाचे दोन व्हिडिओ, मध्ये दहा मिनिटं. याहून फार लांब घेत नाही. हा गडी दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो, तपशील फरफटतात. ट्रॅकिंग नाही, त्यामुळे गुरू फ्रेमच्या कडेला गेला की हातानं ढकलणं आलंच.

एका व्हिडिओत ५४०० फ्रेम. पिप या प्रोग्रॅममध्ये गुरू मधोमध आणला, मग ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमनं फ्रेमा प्रतीनुसार लावल्या. आलेख पाहून पंधरा टक्के ठेवल्या. बाकी साडेचार हजार फेकताना अजूनही जीव चुकचुकतो. स्टॅक केलेलं, म्हणजे ठेवलेल्या फ्रेमा एकावर एक रचून बनलेलं, चित्र नेहमीसारखं मऊ, पिठूळ.

खरी परीक्षा रेजिस्टॅक्समध्ये, चित्र धारदार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. वेव्हलेटचे सहा स्लायडर, प्रत्येक वेगळ्या आकाराचा तपशील उठवणारा. पहिला जरा ओढला, पट्टे उठले. अजून ओढला, पट्ट्यांत गाठी दिसल्या. मग हात थांबेना. कडेला पांढरी दुहेरी रेघ आली तेव्हा भानावर आलो. आई पाणी प्यायला उठली होती, मागून बघून म्हणाली, "करपलेली पोळी दिसते. झोपाचं नाही का आज?"

सगळं मागे घेतलं. तरी दक्षिणेकडे दोन पांढरे ठिपके उरले होते. गुरूचे, की माझ्या स्लायडरचे? दुसरा व्हिडिओ स्टॅक केला आणि स्लायडर अगदी त्याच आकड्यांवर ठेवले. आधी एकाच चित्रावर तासन्‌तास घालवायचो, तेव्हा हे सुचलं नव्हतं. दहा मिनिटांत गुरू सहा अंश फिरतो. खरा ठिपका तेवढा सरकायला हवा.

एक ठिपका दुसऱ्या चित्रात नव्हताच. दुसरा होता, किंचित पुढे सरकलेला.

दीड वाजला. कडेची रेघ अजून पुरती गेलेली नाही.