घाट उतरल्यावर लागलेले चढ

कोल्हापुरात सायकलवाल्याची परीक्षा एकच: पन्हाळा. रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमायचं, वाघबिळापासून वर चढायचं, वर चहा घ्यायचा आणि नऊच्या आत घरी. पाय न टेकता पन्हाळा चढला की गडी तयार झाला, असं मानतात. त्यामुळे मी आणि माझ्या मावसभावानं देवगड ते मालवण किनाऱ्यानं सायकल चालवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं ते घाटाबद्दल. उतरताना ब्रेक धरतील का? परत येताना चढवेल का? किनाऱ्याबद्दल एकानंही विचारलं नाही. समुद्राच्या कडेचा रस्ता, म्हणजे सपाटच असणार की!

फक्त आत्या वेगळं बोलली. ती मसुऱ्याला दिलेली, तीस-पस्तीस वर्षं तिथंच. फोनवर म्हणाली, "आमच्याकडे सपाट काय आहे सांग बघू. खळं सोडलं तर काही नाही."

तिचं म्हणणं नकाशावर पडताळता येतं. सह्याद्रीतून निघालेल्या कोकणातल्या नद्या छोट्या, पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्राला मिळणाऱ्या. जांभ्या दगडाचं पठार चिरत त्या खाली येतात आणि शेवटी खाडी होतात. गावं वसली आहेत खाडीच्या काठाला, माडा-पोफळीच्या सावलीत. दोन गावांच्या मधे उभा असतो सडा, म्हणजे उघडा कातळ. रस्त्याला एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर सड्यावर चढावंच लागतं, आणि चढला की उतरावंच लागतं. एकेक चढ किलोमीटरभराचा, कधी त्याहून कमी, पण रस्ता जुन्या पाऊलवाटेवरूनच वर नेलेला, त्यामुळे उभा. आपल्याकडे डोंगर एकदाच चढायचा असतो. तिथं दर दोन-चार किलोमीटरांना नवा डोंगर.

म्हणून तयारीतला सगळ्यात जास्त वेळ गिअरवर गेला. रोड बाइकला पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चक्र्या आणि मागे 11-28 ची कॅसेट, म्हणजे 11 ते 28 दातांच्या चक्र्यांचा गठ्ठा, सर्रास येते. 34-28 वर पायडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटर पुढे जाते. मागं 32 दातांची चक्री असली तर सव्वादोन मीटर. हा वीतभराचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण दहा टक्के चढावर, उन्हात, पाठीला बॅग असताना गुडघे वाचतात ते याच फरकानं. मी 11-32 बसवून घेतली. त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा लागतो आणि चेनही लांब लागते, नुसती कॅसेट बदलून भागत नाही. मावसभाऊ 28 वरच ठाम. "पन्हाळा मी याच्यावरच चढतोय की," म्हणाला. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

टायर 28 मिलिमीटरचे घेतले, 25 चे नाही. गावागावातला डांबरी रस्ता एका गाडीपुरता असतो. समोरून एसटी आली की आपल्याला कडेला उतरावं लागतं, आणि कडेला जांभ्याची तांबडी खडी असते. बारीक टायर तिच्यात रुततो. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि एक छोटी पितळी नळी घेतली. आमच्या सायकलींच्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचे व्हॉल्व्ह आहेत. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, मधे ही नळी लावली तर बसतो. किंमत किरकोळ, पण नसली तर माणूस सड्यावर अडकून पडतो. खिशात गूळ-शेंगदाणे आणि खडीमीठ. जेलची पाकिटं आणली होती, ती आत्याच्या नातवंडांनी चाटून संपवली.

रस्ता निवडताना करूळ घाटाचा विचार आधीच सोडला होता. गगनबावड्याहून जाणारा हा घाट जानेवारी 2024 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हापासून आमचं बोट नकाशावर फोंडा घाटाकडेच वळलेलं. शिवाय राधानगरी आणि दाजीपूर वाटेत लागतात, हा लोभ होताच.

दिशा मात्र विचार करून ठरवली. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर दुपारी वारा साधारण वायव्येकडून येतो. देवगडहून मालवणकडे, म्हणजे दक्षिणेला निघालं तर तो पाठीशी मिळतो. मालवणहून देवगडला निघणारे लोक आम्हाला वाटेत भेटले, त्यांचे चेहरे पाहून खात्री पटली.

पहिला दिवस कोल्हापूर ते देवगड, जवळपास दीडशे किलोमीटर. पहाटे निघालो. हळदी, परिते, भोगावती, मग राधानगरी. साखर कारखान्यांचा हंगाम चालू, त्यामुळे उजाडायच्या आधीपासून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर. त्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही. आपल्या सायकलला पुढं-मागं दिवा हवाच, तो त्यांच्यासाठी. राधानगरीच्या पुढं गाड्या कमी होतात आणि जंगल सुरू होतं. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध, पण आम्हाला गवा दिसला नाही. रस्त्यावर ताजं शेण मात्र दिसलं, आणि तेवढ्यानं आमचा वेग चांगलाच वाढला.

फोंडा घाट उतरताना एकच काळजी, रिमला घासणारे ब्रेक. सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, वेग उतरला की पूर्ण सोडायचे, रिमला वारा लागू द्यायचा. हात हँडलच्या खालच्या वळणावर. मधे दोनदा थांबून रिमला बोट लावून पाहिलं. घाट उतरलो तेव्हा हवा बदलली होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, हिवाळ्यात तिथं घाम वाळतो. फोंड्याला तो वाळेना. नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून देवगडपर्यंतचा उरलेला रस्ता कोकम सरबतावर काढला.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता साठ-सत्तर किलोमीटरचाच, म्हणून मावसभाऊ आरामात उठायच्या बेतात होता. मी त्याला सहाला उठवला. सड्यावर झाड नसतं. दहानंतर कातळ तापतो, ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. शिवाय दुपारी एक ते चार कोकणातली दुकानं बंद. पाणी संपलं तर शाळेचा नळ नाहीतर देवळाची विहीर.

जामसंड्यातून तारामुंबरीला उतरलो, पूल ओलांडला, पलीकडे मिठमुंबरी. डावीकडे सुरूची झाडं, उजवीकडे समुद्र, रस्ता चक्क सपाट. मावसभावानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, त्या नजरेत आत्याचा पराभव होता. कुणकेश्वरला देवळाच्या पायरीशी थांबलो. भरतीचं पाणी देवळाखालच्या वाळूपर्यंत येतं ते पाहत चहा घेतला. चहावाल्या काकांनी विचारलं, "खयसून इलात?" कोल्हापूर म्हटल्यावर सायकलीच्या टायरला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "फुडे चढ आसत."

होते. कुणकेश्वरच्या बाहेर पडताच पहिला. तो चढून वर आलो, दोन मिनिटं वारा खाल्ला, लगेच उतार, उतारावर अंधारं वळण, वळणावर म्हैस, म्हणजे कमावलेला वेग ब्रेकमध्ये गेला. खाली ओढा, आणि ओढ्यापासून पुन्हा शून्यातून चढ. मिठबावपर्यंत हेच, मुणग्यापर्यंत हेच. घाटात शरीराला लय सापडते. पाच-सहा टक्क्यांचा सलग चढ, श्वास आणि पाय एकमेकांना धरून चालतात, माणूस तासभर तसाच चढू शकतो. इथं लय लागायच्या आत चढ संपतो आणि दम बसायच्या आत पुढचा येतो. चढाच्या तोंडाशी पोहोचायच्या आधीच गिअर खाली टाकावा लागतो. चढावर जोर लावून बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसल्यामुळे मी पुढंपुढं प्रत्येक ओढ्याचा छोटा पूल दिसला की हलका गिअर टाकू लागलो. पूल म्हणजे पुढं चढ, हा हिशेब कुठंच चुकला नाही.

मुणग्याच्या अलीकडच्या एका चढावर मावसभाऊ सायकलवरून उतरला. चालत वर आला, काही बोलला नाही, गूळ मागितला.

मग आचऱ्याची खाडी, पूल, माड, सावली. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळाजवळ जेवलो. या गावात दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. सायकलवाल्यांनी ही तारीख आधी विचारून घ्यावी, त्या दिवसांत आचऱ्यात पाण्याचा ग्लाससुद्धा मिळायचा नाही. खानावळीच्या पडवीत आम्ही चारपर्यंत आडवे झालो. उठलो तेव्हा वारा सुटला होता, पाठीशी. आचरा ते मालवण हा तुकडा त्या दिवसातला सगळ्यात सोपा. कोळंबचा पूल ओलांडताना सूर्य खाडीच्या तोंडावर होता आणि मीटरवर दिवसाची चढाई हजार मीटरच्या घरात. आदल्या दिवशी उतरलेल्या घाटापेक्षा जास्त, समुद्राची साथ न सोडता.

मालवणहून आत शिरून मसुऱ्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. आत्यानं सोलकढीचा तांब्या पुढं केला आणि सपाटीचा विषय काढला नाही. तिच्या यजमानांनी काढला.

परतीला पर्याय कमी. कोकण रेल्वे कोल्हापूरला येत नाही, वैभववाडी-कोल्हापूर मार्गाचं घोडं कित्येक वर्षं कागदावर नाचतंय. एसटीच्या टपावर सायकल टाकायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. एक दिवस विश्रांती घेऊन पहाटे निघालो, कणकवलीवरून फोंडा. फोंडा घाट पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोंगराच्या मागं अडतं आणि बराच घाट सावलीत चढता येतो. ज्या चढाबद्दल सगळ्या कोल्हापूरनं आम्हाला घाबरवलं होतं तो आम्ही गप्पा मारत चढलो. मावसभाऊ 28 वरच होता आणि माझ्या पुढं होता.

घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्यानं धुतली, चेन रॉकेलमध्ये बुडवून पुसून तेल दिलं. खाऱ्या हवेत दोन-तीन दिवस काढले तर हे त्याच रात्री करावं लागतं. तरी बाटलीच्या स्टँडच्या एका स्क्रूवर गंज आलाच. मिस्त्रीनं तो बदलून दिला. मावसभावाची सायकल अजून त्याच्याच दुकानात आहे, 32 ची कॅसेट बसवायची आहे, लांब पिंजऱ्याचा डिरेलर पुण्याहून यायचाय.