१४५० वर थांबायचं का?

ऑगस्टच्या सॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत, मुलीला १६०० पैकी १४५० मिळाले. गणितात ७९०, इंग्रजी वाचन-लेखनात ६६०. तेव्हापासून घरात एकच विषय: ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसायचं की नाही? शेजारच्या काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "काहून वं, पोरगी पुन्हा देऊन राहिली? नापास झाली का?" त्यांचंही चूक नाही. आपल्या नागपुरात दुसऱ्यांदा परीक्षा म्हणजे एक तर एटीकेटी, नाही तर नीटचा ड्रॉप.

तिच्या बाबांचा मुद्दा पैशाचा. फी शंभर डॉलरच्या वर, म्हणजे दहा हजारांच्या घरात. वर हैदराबादचं सेंटर, जाण्यायेण्याचं तिकीट, एक रात्र मुक्काम. त्यात दसरा आणि परीक्षा एकाच आठवड्यात. दीक्षाभूमीला येणाऱ्या गर्दीमुळे त्या दिवसांत नागपूर स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. "एवढं करून वीसच मार्क वाढले तर?" प्रश्न रास्त होता.

मी बँकेत कर्जाच्या टेबलवर आहे. फाइल आली की आधी कागद बघायचे, मग बोलायचं, ही सवय. म्हणून समुपदेशकांच्या व्हिडिओंपेक्षा मला कॉमन डेटा सेट बरा वाटला. अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी हा तक्ता आपल्या साइटवर टाकतात. त्यातला सी-९ रकाना म्हणजे प्रवेश घेतलेल्या मुलांचे सॅटचे आकडे: खालचे पंचवीस टक्के कुठे संपतात, वरचे पंचवीस कुठून सुरू होतात. यादीतल्या एकेका कॉलेजासमोर तिचे ६६० मांडून पाहिले. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली. तिथे तर ६६० खालच्या पंचवीस टक्क्यांच्याही खूप खाली. (एमआयटी यादीत का आहे, हे मला विचारू नका.) उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅम्पसं प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाहीत. तिथे १४५० काय अन् १५५० काय!

सी-९ वाचताना एक मेख लक्षात ठेवायची. जिथे स्कोअर पाठवणं ऐच्छिक असतं, तिथे ज्यांनी पाठवला त्यांचेच आकडे त्यात धरलेले असतात. कमी मार्कवाले पाठवतच नाहीत, त्यामुळे आकडा फुगतो. किती टक्के मुलांनी पाठवला तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते न बघता घाबरायचं नाही.

माझ्या दृष्टीने खरा रकाना एच-६. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत दिली आणि सरासरी किती डॉलर, हे तिथे कळतं. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना 'ह्याला किती पैसे द्यावे लागतील' हेही बघतात. गरज न बघता प्रवेश देऊन मग पूर्ण मदत करणारी, एमआयटी किंवा ॲमहर्स्टसारखी, मोजकीच. आमची पूर्ण फी भरायची ऐपत नाही. एच-६ मध्ये जिथे जेमतेम दहा-बारा मुलांना मदत दिसली, ती कॉलेजं मी यादीतून काढली. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिथे सॅट पुन्हा देऊन काय होणार होतं? मात्र काही सरकारी विद्यापीठं स्कोअर आणि टक्केवारीचे स्लॅब लावून स्कॉलरशिप ठरवतात, आयकरासारखे. अशा ठिकाणी पुढचा स्लॅब तीस मार्कांवर असेल तर ती दहा हजारांची फी खर्च नव्हे. तशी दोन विद्यापीठं आमच्या यादीत निघाली.

म्हणजे वाढले तर उपयोग होता. पण वाढणार का?

स्कोअर रिपोर्टमध्ये इंग्रजीच्या चार भागांच्या चार पट्ट्या असतात. तिची सगळ्यात आखूड पट्टी व्याकरण-विरामचिन्हांची. पट्टी शब्दार्थांची आखूड असती तर मीच नको म्हटलं असतं; वाचनाने येणारी गोष्ट महिनाभरात येत नाही. पण अर्धविराम कुठे आणि नुसता स्वल्पविराम कुठे, ह्याचे नियम ठरलेले आहेत. रोज रात्री जेवणं झाली की ती डायनिंग टेबलावर वही उघडून बसायची. दोन वाक्यं लिहायची, दोन्ही आपापल्या पायावर उभी राहतात का बघायची, मग मध्ये चिन्ह घालायची. कूलरच्या हवेने पान उडू नये म्हणून त्यावर लोणच्याची बरणी. पंधरवड्यात तिला वाक्य मोठ्याने वाचायचीही गरज उरली नाही.

दुसरं कारण मजेशीर. ती जेईईचीही तयारी करते, इथल्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आशेने. जेईईत चूक उत्तराला एक मार्क कापतात, म्हणून खात्री नसेल तर सोडून द्यायची सवय हाताला लागलेली. सॅटमध्ये काहीच कापत नाहीत. तरी बाईसाहेबांनी ऑगस्टमध्ये सवयीने चार-पाच प्रश्न कोरे सोडले होते! सॅटच्या प्रत्येक विभागाचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल, असतात; पहिल्यात मार्क कमी पडले की दुसरं सोपं येतं आणि वरचा आकडाच अडतो. हे ऐकल्यावर तिच्या बाबांनी फोन काढला आणि हैदराबादच्या गाड्या बघायला लागले.

गणिताच्या ७९० चं काय, ही तिची धास्ती. पुन्हा देताना ते घसरले तर? यादीतली बहुतेक कॉलेजं वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतला प्रत्येक विभागाचा चांगला आकडा घेतात. त्यामुळे ७९० सुरक्षित, आणि तिने सगळी ताकद इंग्रजीवर लावली तरी चालतं. जॉर्जटाउनसारखं एखादं सगळेच स्कोअर मागतं; ते आमच्या यादीत नाही.

आयईएल्टीएसचा, म्हणजे इंग्रजी येतं हे दाखवायच्या परीक्षेचा, विषय पाच मिनिटांत संपला. ७.५ आहेत, कॉलेजांची अट ७ ची. अट पूर्ण झाली की तिथे आणखी अर्ध्या बँडने काही हलत नाही.

तेव्हा ऑक्टोबर नक्की. डिसेंबरच्या तारखेला मात्र मी आत्ताच नाही म्हणून टाकलं आहे, ऑक्टोबरचा निकाल काहीही लागो. १ जानेवारीला बरेचसे अर्ज बंद होतात, निबंध अजून कच्चे आहेत, जानेवारीतच जेईई आणि महिनाअखेरीला बारावीची प्रॅक्टिकल्स. शिवाय सॅटच्या रिपोर्टवरच आकड्याशेजारी थोडा खाली-थोडा वर असा पल्ला छापलेला असतो. परीक्षा घेणाऱ्यांनीच तेवढं इकडेतिकडे मान्य केलंय, तर आपण वीस मार्कांसाठी तिसऱ्यांदा कशाला जायचं? मुलीला हे पटलेलं नाही. "आई, निकाल तर येऊ दे ना," एवढंच म्हणते. डिसेंबरची फी माझ्या कार्डावरून जाणार आहे, हे तिलाही माहीत आहे.