तुम्ही विचारलंत म्हणून : विमानाच्या १५ किलोंत स्कूबा डायव्हिंगचं सामान बसतं का?

बसतं. पण तुमचा प्रश्न तिथं थांबत नाही. पाठोपाठ दुसरा येतोच: "नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात हे सामान घेऊन ठेवायचं कशाला? तारकर्लीत, अंदमानात भाड्यानं मिळतं की!" मिळतं की. वर्षाकाठी दोन-चार डायव्ह करणाऱ्यानं भाड्यानंच घ्यावं, मास्क तेवढा स्वतःचा ठेवावा. पाव किलोच्या आतली वस्तू, आणि परक्याचा मास्क मिशीपाशी गळत राहतो. एवढं सांगूनही ज्यांना सगळं स्वतःचंच हवं आहे, त्यांच्यासाठी पुढचा हिशोब.

चेन्नईपर्यंत रेल्वेनं जाताना वजनाचं कुणी विचारत नाही. अडतं ते पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) विमानापाशी: साधारण १५ किलो चेक-इन, ७ किलो हातात. त्यातले चार किलो चाकांची डायव्हिंग बॅगच खाते. किलोभराची साधी डफल घ्या. ट्रॅव्हल बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जाकीट) दोन-अडीच किलो, नेहमीची साडेतीन-चार. ३ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट दीड किलो. अंदमानच्या कोमट पाण्याला ५ मिलिमीटरचा लागत नाही. उघड्या टाचेचे फिन (पायातली वल्ही) आणि बूट मिळून तीन किलोंच्या आसपास, अनवाणी पायात चढणारे फुल-फूट फिन दीड किलोत. बोटीवरून उडी असेल तर फुल-फूट. किनाऱ्यावरून खडकांतून चालत शिरायचं असेल तर बुटांना पर्याय नाही. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती करून देणारं यंत्र, दोन किलो. तो, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) आणि मास्क हातातल्या पिशवीत. टॉर्चचे सुटे लिथियम सेलही हातातच, चाकू मात्र चेक-इनमध्ये. सगळं मिळून दहा किलोंच्या आसपास.

इथवर विकणाराही सांगतो. तो सांगत नाही ते असं, की काट्यावर हलकं असलेलं सामान पाण्यात वेगळंच वागतं. डायव्हचा शेवट बघा. वर येण्याआधी सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आहे, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेत. अल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर २०० बारवरून इथपर्यंत येताना जवळपास दोन किलो हवा संपते. सुरुवातीला जरासा बुडणारा सिलिंडर आता तरंगायला बघतो. खाली दाबला गेलेला सूट वर येताना पुन्हा फुगलाय. पाठीच्या गादीचा फोम स्वतःची हवा धरून बसलाय, आणि हलके फिन पाय वर उचलतायत. डायव्हर बीसीडीतली हवा सोडायचं बटण दाबतो. काहीच बाहेर पडत नाही, कारण आत हवा उरलेलीच नाही. तो घाबरतो, घाबरला की छाती भरून श्वास घेतो, आणि त्या श्वासानं आणखी वर जातो. दहा सेकंदांत तो पृष्ठभागावर. थांबा राहिला तो राहिलाच, डोक्यावर एखादी बोट नव्हती हे नशीब.

यावर उपाय शिसं, म्हणजे खाली ओढणारं वजन, आणि ते डायव्ह सेंटरवर मिळतं, घरून न्यावं लागत नाही. म्हणून हलकी बीसीडी घेताना तिचं वजन नंतर बघा. आधी शिशाचे खिसे किती किलो धरतात ते विचारा, नसतील तर कमरेचा पट्टा लागेल. पहिल्याच डायव्हला पाण्यात उतरल्यावर बीसीडी रिकामी करा, नेहमीचा श्वास धरा: पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. ही चाचणी भरल्या सिलिंडरनं केली असेल तर वर दोन किलो शिसं वाढवा. मग सूट, बीसीडी, सिलिंडर आणि शिशाचा आकडा लॉगबुकात लिहा. ट्रॅव्हल बीसीडीला पाठीची कडक पाटी बहुधा नसते, सिलिंडर डुलतो. सिलिंडर धरणारा पट्टा आधी भिजवून मगच आवळा, कोरडा आवळलेला पाण्यात सैल पडतो.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो: रेग्युलेटर स्वतःचा, बीसीडी भाड्याची. आजही अर्धंअधिक तसंच वाटतं. पण भाड्याच्या बीसीडीचं हवा भरायचं बटण मिठानं अडकून आपोआप फुगायला लागतं, तेव्हा ते दोन किलो वाचवून काय मिळवलं, याचं उत्तर मला देता येत नाही.

रेग्युलेटरचंही तसंच. डिन जोडणीचा (सिलिंडरमध्ये पिळून बसणारा) हलका म्हणून घेतात. आपल्याकडं योकचे, म्हणजे वरून शिकंजा बसणारे, सिलिंडर जास्त, मग अडॅप्टर आलाच. वाचलेलं वजन त्यात जातं आणि फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडलेला भाग, डोक्याकडं सरकतो तो वेगळाच. विणलेल्या होज (हवेच्या नळ्या) हलक्या, वळायला मऊ. मात्र काहींचं आतलं अस्तर उष्ण-दमट हवेत बिघडून स्फटिक धरतं आणि हवेची वाट अडवतं. बाहेरून कळत नाही. सर्व्हिसला देताना होज आतून तपासायला सांगा.

आणि सोलापूरचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटांचे तळ सुटतात, रबर कडक होतं. सामान खालच्या खोलीत, पंख्याच्या हवेत, घडी न घालता टांगा. धुवायला बोअरचं जड पाणी वापरलंत तर पांढरा थर बसतो. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, बादलीभर पुरतं. फर्स्ट स्टेजची टोपी आधी कोरडी पुसून घट्ट लावा, आणि बादलीत असताना सेकंड स्टेजचं (तोंडात धरायच्या भागाचं) बटण दाबू नका, पाणी होजमधून वर चढतं. फर्स्ट स्टेजच्या तोंडाची जाळी हिरवट दिसली तर पाणी आत गेलंय.

परतीचा काटा वेगळा असतो. ओला सूट सहज दोन किलो जास्त भरतो. बरेच डायव्ह केल्यावर विमानापूर्वी निदान १८ तास थांबायचंच असतं, त्या वेळात तो आधी उलटा, मग सुलटा, सावलीत वाळवा. आणि आपल्या गावचा टेरी टॉवेल नेऊ नका. उत्तम आहे, पण भिजला की दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. मायक्रोफायबरचा न्या, सोलापूरकर नावं ठेवतील तर ठेवू देत.